नोंदीची ओळख आणि नोंदींचे नाते : रिलेशनल डेटाबेसमधील की व माहितीची अखंडता

माहितीचा कोणताही साठा, मग तो बांधीव रजिस्टरात हाताने लिहिलेला असो वा संगणकाच्या डिस्कवर साठवलेला असो, दोन प्रश्नांची खात्रीशीर उत्तरे देऊ शकला तरच भरवशाचा ठरतो : समोरची नोंद नेमकी कोणाची किंवा कशाची आहे, आणि तिच्यात ज्या दुसऱ्या नोंदीचा हवाला दिला आहे ती खरोखर अस्तित्वात आहे का. रिलेशनल डेटाबेसमध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रायमरी की देते आणि दुसऱ्याचे फॉरेन की देते. ही उत्तरे साठ्याच्या आयुष्यभर खरी राहतील अशी जी हमी डेटाबेस स्वतःच्या शिरावर घेतो, तिला माहितीची अखंडता, म्हणजेच डेटा इंटिग्रिटी, असे म्हणतात. अभ्यासक्रमांत हा भाग बहुधा व्याख्यांच्या यादीसारखा शिकवला जातो, त्यामुळे व्याख्या पाठ होतात, पण की म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून केलेली एक तांत्रिक सोय असा समज विद्यार्थ्याच्या मनात पक्का बसतो आणि पुढे नोकरीत टेबलांची रचना करताना तोच समज महागात पडतो. प्रस्तुत ग्रंथाची धारणा अशी आहे, की एखादी की निवडणे म्हणजे ज्या जगाची नोंद ठेवायची त्या जगाविषयी एक विधान करणे होय : तिथे कशाला एक मानायचे आणि कशाला वेगळे मानायचे याचे ते विधान असते, आणि ते प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर न सोपवता डेटाबेसच्या रचनेतच नोंदवले गेले पाहिजे.

या विचाराचा उगम समजून घेण्यासाठी १९६० च्या दशकातील संगणकीय साठ्यांकडे पाहावे लागते. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली अपोलो चांद्रमोहिमेच्या यानातील असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्याच्या गरजेतून घडली, आणि तिच्यात माहिती वरच्या नोंदीखाली खालच्या नोंदी अशा उतरंडीने लावलेली असे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी रचलेल्या आयडीएस या प्रणालीत नोंदी एकमेकींना साखळ्यांनी जोडलेल्या असत. दोन्ही ठिकाणी एका नोंदीवरून दुसरीकडे जाण्याचे साधन म्हणजे साठ्यातील जागेचा पत्ता, ज्याला पॉइंटर म्हणतात, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला या पत्त्यांच्या वाटा माहीत असाव्या लागत. बाकमन यांनी १९७३ च्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात प्रोग्रामरची भूमिका साठ्यातून वाट काढणाऱ्या नाविकाची आहे अशीच मांडणी केली होती. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणारे इंग्रज गणिती एडगर कॉड यांना मात्र नेमकी हीच गोष्ट खटकत होती. १९६९ मधील एका अंतर्गत अहवालात आणि त्यानंतर जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले, की त्या काळचे प्रोग्राम तीन गोष्टींवर विनाकारण अवलंबून होते : नोंदी कोणत्या क्रमाने साठवल्या आहेत, त्यांच्यावर कोणते इंडेक्स म्हणजे शोधसूची बांधल्या आहेत, आणि त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने जाता येते. यांपैकी काहीही बदलले तर चालू प्रोग्राम बंद पडत, जरी माहितीत एका अक्षराचाही फरक झालेला नसला तरी.

कॉड यांनी सुचवलेला उपाय गणितातील संचाच्या कल्पनेवर उभा होता. माहिती टेबलांच्या रूपात मांडावी, प्रत्येक टेबल म्हणजे सारख्या घडणीच्या ओळींचा एक संच, ज्याला गणिताच्या भाषेत रिलेशन म्हणतात, आणि रिलेशनल हे विशेषण त्यावरूनच आले. संचात एकच घटक दोनदा येत नाही आणि घटकांना क्रम नसतो. त्यामुळे ‘पाचवी ओळ’ किंवा ‘त्या पत्त्यावरची ओळ’ असे म्हणण्याला या मांडणीत अर्थच उरत नाही, आणि एखादी ओळ दाखवायची असेल तर तिच्यातील मूल्यांखेरीज दुसरे साधन हाती राहत नाही. प्रायमरी कीची गरज इथून, तर्काच्या ओघात, निर्माण होते. पॉइंटर नोंद कुठे आहे ते सांगत असे, तर की ती कोणती आहे ते सांगते, आणि या एका बदलामुळे माहितीचा अर्थ साठवणुकीच्या यंत्रणेपासून सुटा झाला. प्रायमरी की आणि फॉरेन की या दोन्ही संज्ञा १९७० च्या त्याच निबंधात आढळतात. कॉड यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तोवर आयबीएममधील सिस्टम आर आणि बर्कली विद्यापीठातील इन्ग्रेस या प्रयोगांनी ही कल्पना प्रत्यक्षात चालते हे सिद्ध केले होते.

संज्ञांचा परिचय इथेच करून दिलेला बरा. ज्या एका किंवा अनेक स्तंभांची मूल्ये टेबलातील कोणत्याही दोन ओळींत सारखी असू शकत नाहीत, त्या स्तंभसमूहाला सुपर की म्हणतात; त्यातला एकही स्तंभ वगळला तर ही अनन्यता ढळत असेल, म्हणजेच समूहात फाजील काही नसेल, तर ती कँडिडेट की होते; आणि अशा कँडिडेट कींपैकी ओळखीसाठी जी एक निवडली जाते ती प्रायमरी की. एकाहून अधिक स्तंभ मिळून बनलेल्या कीला कॉम्पोझिट की म्हणतात. या व्याख्यांत ‘असू शकत नाहीत’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि वाचताना नेमके तेच निसटतात. एखाद्या लहान गावात आज एकाच नावाचे दोन खातेदार नसतील, म्हणून टेबलातील आजच्या ओळी पाहून नाव ही की ठरत नाही, कारण उद्या त्या नावाचा दुसरा खातेदार येण्याला जगात कोणतीही आडकाठी नाही. की म्हणजे आजच्या माहितीत आढळलेला योगायोग नव्हे, तर यापुढे येणाऱ्या प्रत्येक ओळीला लागू असणारा नियम, आणि असा नियम माहितीकडे कितीही निरखून पाहिले तरी सापडत नाही, तो व्यवहार जाणणाऱ्यांना विचारूनच समजतो.

व्यवहारातूनच उदाहरण घ्यायचे तर महाराष्ट्रातील जमिनीच्या अधिकार अभिलेखांइतके समृद्ध उदाहरण क्वचितच मिळेल. गाव नमुना सात हा अधिकारांचा अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही मिळून सातबारा होतो. मालकीत झालेला प्रत्येक बदल गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांकाने लिहिला जातो. आणि एका खात्यावर गावात कोणकोणत्या जमिनी आहेत हे आठ-अ या नमुन्यात पाहायला मिळते. संगणक येण्याच्या कितीतरी आधी घडलेल्या या व्यवस्थेत कीच्या सिद्धांतातील जवळजवळ प्रत्येक प्रश्न उभा आहे. जमिनीची ओळख गट क्रमांकाने होते, पण गट क्रमांक फक्त गावापुरता अनन्य असतो. गावाचे नाव जोडावे तर वडगाव, पिंपळगाव ही नावे राज्यात ठिकठिकाणी आहेत, एकाच तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावे आहेत. म्हणून जिल्हा, तालुका, गाव, गट आणि हिस्सा अशी लांबलचक कॉम्पोझिट की तयार होते. आता गावासाठी नावाऐवजी संकेतांक वापरला, उदाहरणार्थ २०११ च्या जनगणनेतील सहा अंकी संकेतांक, जो देशभरात पुन्हा येत नाही, तर जिल्हा आणि तालुका हे स्तंभ ओळखीसाठी अनावश्यक होतात आणि ते कीमध्ये तसेच ठेवले तर ती कँडिडेट की राहत नाही, केवळ सुपर की उरते. हा फरक पुस्तकी वाटतो, परंतु त्याचा परिणाम ठोस आहे : गावाच्या संकेतांकाने तालुका आपोआप ठरत असताना तो प्रत्येक गटाच्या ओळीत पुन्हा लिहिला, तर एकाच गावातले दोन गट दोन वेगळ्या तालुक्यांत दाखवणारी माहितीही डेटाबेस मुकाट्याने स्वीकारील. कॉड यांनी १९७१-७२ मध्ये मांडलेल्या सामान्य रूपांचा, म्हणजे नॉर्मल फॉर्म्सचा, सगळा खटाटोप अशा विसंगतीला जागाच राहू नये यासाठी आहे, आणि त्या सर्व रूपांची व्याख्या कीच्या आधारानेच केली जाते.

व्यवहारातूनच आलेल्या अशा ओळखीला नॅचरल की म्हणतात. तिचा मोठा गुण असा, की ती माणसांना कळते आणि कागदावरून थेट पडताळता येते. तिचा दोष असा, की जग बदलले तर तिलाही बदलावे लागते. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि त्यांच्या एकत्रीकरणाची तरतूद करणारा कायदा झाला, आणि पुढे ज्या गावांत एकत्रीकरणाची योजना राबवली गेली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट क्रमांक आले. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर गट क्रमांक अशी स्थिती असल्याने या दोहोंचा मेळ घालणारा तक्ता आजही वारसांना आणि वकिलांना शोधावा लागतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा तिथल्या एकाही जमिनीची जागा तसूभर हलली नाही, पण जिचा जिल्हा हा घटक होता अशी प्रत्येक की मात्र बदलली. डेटाबेसमध्ये अशा बदलासाठी ‘ऑन अपडेट कॅस्केड’ हा पर्याय असतो, ज्यामुळे मूळ टेबलातील की बदलताच तिचा हवाला देणाऱ्या सर्व ओळींत तो बदल आपोआप पोहोचतो. मात्र त्याचा हात त्या डेटाबेसपुरताच पोहोचतो, बँकेच्या कर्जप्रकरणात, न्यायालयाच्या निकालपत्रात किंवा दुसऱ्या खात्याच्या संगणकात गेलेल्या जुन्या कीपर्यंत तो जाऊ शकत नाही.

यावरचा उपाय म्हणून व्यवहारात काहीही अर्थ नसलेला, केवळ ओळखीसाठी निर्माण केलेला क्रमांक वापरतात, त्याला सरोगेट की म्हणतात. कॉड यांनीही १९७९ च्या आपल्या विस्तारित प्रतिमानात या कल्पनेला स्थान दिले. अर्थ असलेला आणि अर्थ नसलेला क्रमांक यांतील फरक भारतीय वाचकाच्या खिशातच आहे. पॅनच्या दहा अक्षरांपैकी चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते आणि व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. विवाहानंतर आडनाव बदलले तरी पॅन तोच राहतो, म्हणजे त्या अक्षरात भरलेला अर्थ खोटा होतो आणि तरीही की म्हणून तो क्रमांक अचूक काम करत राहतो. जीएसटीच्या पंधरा अक्षरी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे हा संपूर्ण पॅनच असतो, म्हणजे एका कीच्या पोटात दुसऱ्या नोंदीचा हवाला दडलेला असतो. आधारचा बारा अंकी क्रमांक मात्र धारकाविषयी काहीच सांगत नाही, आणि तसेच असणे योग्य आहे. त्याचा शेवटचा अंक हा व्हरहूफ या डच गणितज्ञाच्या १९६९ च्या पद्धतीने काढलेला पडताळा अंक असतो, ज्यामुळे कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ती चूक हमखास उघडी पडते.

सरोगेट कीच्या सोयीमुळे एक गंभीर गैरसमज पसरला आहे, आणि त्याचा इथे स्पष्ट शब्दांत प्रतिवाद करणे आवश्यक वाटते. प्रत्येक टेबलाला आपोआप वाढणारा क्रमांक दिला म्हणजे ओळखीचा प्रश्न सुटला असे मानून अनेक रचनाकार तिथेच थांबतात. प्रत्यक्षात त्या क्रमांकाने प्रत्येक ओळ दुसरीपासून वेगळी होते, पण ज्या माणसाची किंवा जमिनीची ती ओळ आहे ती वेगळी आहे किंवा नाही याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. एकच गट दोनदा नोंदवला तर दोन्ही ओळींना दोन निराळे क्रमांक मिळतील आणि प्रायमरी कीचा नियम कुठेही मोडणार नाही. म्हणून सरोगेट की घेतली तरी व्यवहारातली ओळख, इथे गाव संकेतांक, गट आणि हिस्सा यांचा समूह, ‘युनिक’ या बंधनाने स्वतंत्रपणे जाहीर केलीच पाहिजे. हे बंधनही अक्षरांच्या पातळीवर किती काटेकोर असते याची जाणीव मराठी माहिती साठवणाऱ्यांनी तरी विशेष ठेवायला हवी. ‘कऱ्हाड’ या नावातील अर्धा र युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे लिहिला जातो : ऱ या स्वतंत्र चिन्हाने, र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी, किंवा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच उमटतात, पण चिन्हामागून चिन्ह ताडून पाहणाऱ्या डेटाबेसला ती तीन वेगळी गावे वाटतात, आणि युनिक बंधन त्या तिघांनाही सुखाने आत घेते. पहिली दोन रूपे युनिकोडच्या नियमानुसार समतुल्य असल्याने प्रमाणीकरणाच्या, म्हणजे नॉर्मलायझेशनच्या, प्रक्रियेने एक करता येतात. तिसऱ्याला ती प्रक्रिया हात लावत नाही, त्याच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. देवनागरी नावांवर की बांधण्यापूर्वी हे काम करणे ऐच्छिक नाही.

ओळखीनंतर नात्याचा विचार येतो. एका टेबलातील ज्या स्तंभाची मूल्ये दुसऱ्या टेबलाच्या प्रायमरी कीमधली असलीच पाहिजेत तो स्तंभ म्हणजे फॉरेन की, आणि हे बंधन कायम पाळले जाणे म्हणजे संदर्भाची अखंडता. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावालगत फेरफार क्रमांक लिहिण्याची जी पद्धत आहे ती या कल्पनेचे कागदावरचे रूप होय : हा माणूस या जमिनीवर कोणत्या अधिकाराने आला, खरेदीने, वारसाने की वाटणीने, याचे उत्तर त्या क्रमांकाच्या फेरफारात असते, आणि तो फेरफार नोंदवहीत नसेल तर सातबाऱ्यावरच्या नावाला आधारच राहत नाही. एका खात्यावर अनेक गट असतात आणि एका गटात अनेक खाती असतात. असे दुहेरी नाते दोन टेबलांत बसत नाही, त्यासाठी गट आणि खाते या दोहोंच्या की एकत्र आणणारे तिसरे टेबल लागते, ज्याच्या प्रत्येक ओळीत त्या खात्याचे त्या गटातील क्षेत्र लिहिलेले असते. या तिसऱ्या टेबलाचे महत्त्व एकदा ध्यानात आले, की नमुना सात आणि आठ-अ यांचे खरे स्वरूपही स्पष्ट होते. कागदाच्या काळात ते दोन स्वतंत्र दस्त होते, दोन्हीकडे हातानेच लिहावे लागे, आणि एकीकडे अंमल देऊन दुसरीकडे द्यायचा राहिला तर दोघांत तफावत पडे; डेटाबेसमध्ये मात्र ते एकाच टेबलाकडे पाहण्याच्या दोन बाजू आहेत, एक गटाच्या बाजूने आणि दुसरी खात्याच्या बाजूने, म्हणून आठ-अ वेगळा साठवण्याची गरजच नाही, तो मागितल्याक्षणी तयार करता येतो आणि त्यामुळे सातशी कधी विसंगत होऊच शकत नाही. कॉड यांच्या १९६९ च्या अहवालाच्या शीर्षकातच व्युत्पन्नता, पुनरावृत्ती आणि सुसंगती हे तीन शब्द एकत्र आले होते. जे काढता येते ते पुन्हा साठवू नये आणि साठवले तर सुसंगतीची जबाबदारी घ्यावी, हा त्यांचा आग्रह या दोन नमुन्यांत जितका उघड दिसतो तितका पाठ्यपुस्तकातील विद्यार्थी-विषयांच्या उदाहरणात दिसत नाही.

संदर्भ दिलेली ओळ पुसायची झाल्यास काय करावे, हा फॉरेन कीच्या जाहीरनाम्यातील दुसरा निर्णय. डेटाबेस तीन मुख्य वाटा देतो : पुसण्यास नकार द्यावा, हवाला देणाऱ्या ओळीही सोबत पुसाव्यात, किंवा हवाल्याची जागा रिकामी करावी. यांतला दुसरा पर्याय, ‘ऑन डिलीट कॅस्केड’, सोयीचा वाटतो आणि बिलाची ओळ व तिच्याखालील वस्तू अशा नात्यात तो योग्यही आहे, परंतु हक्कांच्या नोंदीत तो विनाशकारी ठरू शकतो, कारण एक फेरफार पुसताना त्याच्या आधाराने उभ्या असलेल्या सर्व नोंदी कोणाच्या लक्षातही न येता नाहीशा होतील. महसुली व्यवहाराने याचे शहाणे उत्तर फार पूर्वी शोधले होते : जमीन विकली गेली म्हणून जुन्या खातेदाराचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात, म्हणजे हक्क संपला हे दिसते आणि हक्क होता हेही दिसत राहते. डेटाबेसमध्ये याचे प्रतिरूप म्हणजे ओळ न पुसता तिच्यावर ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन दिनांक ठेवणे.

फॉरेन कीतली रिकामी जागा म्हणजे ‘नल’. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरा शब्दही नव्हे. मूल्य ठाऊक नाही, किंवा ते लागूच नाही, एवढेच तो सांगतो, आणि या दोन अर्थांत फरक करत नाही. खातेदार मृत झाला आहे पण वारसनोंद व्हायची आहे, आणि जमीन सरकारी असल्याने खातेदारच नाही, या दोन अगदी वेगळ्या परिस्थिती एकाच नलने दाखवल्या जातात. प्रायमरी कीमध्ये नल असूच नये, कारण जिची ओळख ठाऊक नाही अशी ओळ वेगळी ओळखताच येत नाही. या नियमाला एंटिटी इंटिग्रिटी म्हणतात. युनिक बंधनाच्या बाबतीत मात्र उत्पादनांत एकवाक्यता नाही : बहुतेक डेटाबेस एका युनिक स्तंभात कितीही नल चालवून घेतात, एसक्यूएल सर्व्हर एकच चालवतो, आणि पोस्टग्रेसक्यूएलने २०२२ मधील पंधराव्या आवृत्तीत दोन्हींपैकी एक निवडण्याची मुभा दिली. याहून घातक सापळा कॉम्पोझिट फॉरेन कीमध्ये आहे. रिलेशनल डेटाबेसची प्रमाण भाषा असलेल्या एसक्यूएलच्या नेहमीच्या नियमानुसार अशा कीतला एकही स्तंभ नल असेल तर उरलेल्या स्तंभांची तपासणीच होत नाही. गाव संकेतांक साफ चुकीचा आणि हिस्सा नल अशी ओळ कोणत्याही तक्रारीविना आत येते, आणि बंधन जाहीर केले आहे म्हणून रचनाकार निर्धास्त असतो.

हे नियम डेटाबेसमध्येच का असावेत, प्रोग्राममध्ये का नाहीत, हा वाद जुना आहे, आणि त्यावर या ग्रंथाची भूमिका निःसंदिग्ध आहे. समजा, फेरफार क्रमांक गावात अनन्य असावा असा नियम आहे आणि तो प्रोग्रामने पाळायचा आहे. प्रोग्राम आधी नोंदवहीतील सर्वांत मोठा क्रमांक विचारतो, त्यात एक मिळवतो आणि नवी ओळ लिहितो. एका वेळी एकच माणूस काम करत असेल तर यात काहीच बिघडत नाही. पण दोन संगणकांवरून एकाच क्षणी विचारणा झाली तर दोघांनाही सर्वांत मोठा क्रमांक १२४६ असाच मिळेल, दोघेही १२४७ लिहितील, आणि दोघांनीही आपापली तपासणी प्रामाणिकपणे केलेली असेल. तपासणे आणि लिहिणे यांमधल्या या फटीत शिरणारी चूक चाचणीत सापडत नाही, कारण चाचणीच्या वेळी फट क्वचितच उघडते. ती हजारो लोक एकाच वेळी काम करू लागले की उघडते. युनिक बंधन लिहिण्याच्या क्षणीच तपासणी करते, त्यामुळे दोघांपैकी एकालाच यश मिळते आणि दुसऱ्याला नकार मिळतो. याशिवाय साठा प्रोग्रामपेक्षा जास्त जगतो : आजचे संकेतस्थळ पाच वर्षांनी बदलेल, त्याच्या जोडीला मोबाइल ॲप येईल, रात्रीतून माहिती भरणारी एखादी स्क्रिप्ट येईल, आणि यांतील प्रत्येकाने तोच नियम स्वतंत्रपणे व सारख्याच काळजीने लिहिला असेल असे मानणे धाडसाचे आहे.

असे असूनही उत्पादनांनी हे बंधन स्वीकारायला वेळ घेतला. एसक्यूएलचे पहिले अमेरिकी प्रमाण १९८६ मध्ये आले, प्रायमरी आणि फॉरेन की जाहीर करण्याची सोय १९८९ च्या आवृत्तीत आली, आणि कॅस्केडसारखे पर्याय १९९२ मध्ये. वेब संकेतस्थळांच्या पहिल्या पिढीत अतिशय लोकप्रिय झालेल्या मायएसक्यूएलचे मायआयसॅम हे साठवण-इंजिन फॉरेन कीचे वाक्य वाचत असे आणि काहीही न सांगता सोडून देत असे. बंधन खरोखर पाळणारे इनोडीबी हे इंजिन ५.५ या आवृत्तीपासून मूळ पर्याय झाले, तर ‘चेक’ हे मूल्यांवरचे बंधन त्याच मायएसक्यूएलमध्ये २०१९ च्या ८.०.१६ पर्यंत असेच दुर्लक्षिले जात होते. जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असलेल्या एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची अंमलबजावणी २००९ पासून उपलब्ध आहे, पण ती मुळात बंद असते आणि प्रत्येक जोडणीच्या वेळी चालू करावी लागते. दुर्लक्षिले जाणारे बंधन हे नसलेल्या बंधनापेक्षा वाईट, कारण ते वाचणाऱ्याला खोटा दिलासा देते. म्हणून ज्या डेटाबेसवर काम करायचे त्यात मुद्दाम चुकीची ओळ घालून तो नकार देतो का हे पाहण्याचा सराव या ग्रंथात प्रत्येक बंधनासोबत दिला आहे.

अखंडतेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. डेटाबेस सुसंगतीची हमी देतो, सत्याची नाही. गट अस्तित्वात आहे, खाते अस्तित्वात आहे, फेरफार क्रमांक बरोबर आहे, आणि तरीही खातेदाराचे क्षेत्र चुकीचे टंकलेले आहे, अशी ओळ सर्व बंधने पार करून आत येते. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारे संगणकावर आणल्यानंतर चावडी वाचनाच्या मोहिमेत ते गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले, ते याच कारणासाठी : नोंद जगाशी जुळते का, हे ज्यांची जमीन आहे त्यांनाच विचारावे लागते. लेखनातील चुका दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये तरतूद आहे, आणि हे काम कोणत्याही कीकडे सोपवता येण्याजोगे नाही.

सुसंगतीच्या क्षेत्रातही की आणि चेक यांच्या पलीकडचे नियम आहेत. एका गटातील सर्व खात्यांच्या क्षेत्रांची बेरीज त्या गटाच्या एकूण क्षेत्राइतकी असली पाहिजे, हा नियम कोणाही तलाठ्याला ठाऊक असतो, पण तो एका ओळीचा नाही, एका टेबलाचाही नाही. गटाची एक ओळ आणि गट-खाते टेबलातील अनेक ओळी मिळून तो खरा किंवा खोटा ठरतो. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणात अशा नियमांसाठी ‘असर्शन’ नावाचे विधान दिले आहे, मात्र कोणत्याही टेबलातील कोणत्याही बदलानंतर ते पुन्हा तपासण्याचा खर्च मोठा असल्याने प्रमुख उत्पादनांत ते दीर्घकाळ आले नाही. त्यामुळे रचनाकाराला ट्रिगर, म्हणजे बदल होताच आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहावा लागतो, आणि तो लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गटाचा काही भाग एका खात्यातून दुसऱ्यात जाताना आधी एकीकडून वजाबाकी होते आणि मग दुसरीकडे बेरीज होते, त्या मधल्या क्षणी नियम मोडलेलाच असतो. म्हणून दोन्ही बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे पूर्ण झाले तर दोन्ही आणि नाहीतर एकही नाही अशा गाठीत, बांधून तपासणी त्या गाठीच्या शेवटी करावी लागते. आणि दोन फेरफारांचा अंमल एकाच गटावर एकाच वेळी दिला जात असेल तर प्रत्येकाला दुसऱ्याचा अपुरा बदल दिसत नाही, दोघांचीही बेरीज स्वतःपुरती जुळते आणि एकत्र मात्र चुकते. हे टाळण्यासाठी ट्रिगरने प्रथम गटाची ओळ स्वतःकडे कुलूपबंद करून घ्यावी लागते, म्हणजे दुसऱ्याला थांबणे भाग पडते. ही रचना कोणत्या डेटाबेसमध्ये कशी लिहावी आणि तिच्यामुळे कामाचा वेग किती मंदावतो, याचा विचार शेवटच्या दोन प्रकरणांत केला आहे.